कण्हेरीची काठी

श्लोक संपायला दोन ओळी राहिल्या होत्या, तेव्हा मला ती काठी दिसली.

शाळेच्या व्हरांड्यात बासष्ट मुलं मांडी घालून, हात जोडून बसली होती. प्रत्येकाच्या ताटलीत खिचडी वाढलेली. डोळे मिटून म्हणायचं असा नियम, पण निम्म्यांचे डोळे ताटलीवरच. मी पाण्याची बादली ठेवायला स्वयंपाकाच्या खोलीत वळले आणि चुलीशेजारी झाकणावर आडवी ठेवलेली काठी पाहिली. दीड हात लांब, अंगठ्याएवढी जाड. खालच्या अंगाला साल सोलून पांढरी केलेली आणि त्या पांढऱ्यावर पिवळी खिचडी चिकटलेली. वर, धरायच्या जागी, साल तशीच होती.

मी काठी उचलून फिरवली. सालीवर पानं ओरबाडल्याच्या खुणा होत्या. एका पेरावर तीन. चार बोटं सोडून पुन्हा तीन.

आमच्या माळावर तीन-तीन पानांचं झुडूप एकच होतं. ते मीच लावलं होतं.

मी चांगुणा गळवे. ढोलेवाडीच्या शाळेत तेव्हा सहा वर्षं स्वयंपाक करत होते. शाळा गावाबाहेर, उघड्या माळावर. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागं स्वयंपाकाची खोली आणि भोवती नुसता मुरूम. जे लावावं ते शेरडं खायची. कडुनिंब लावला, खाल्ला. शेवगा लावला, खाल्ला. काट्यांचा आडोसा केला तर काटे बाजूला सारून आतलं रोप खाल्लं. मुलांना उन्हात हिरवं म्हणून बघायला काही नव्हतं.

म्हणून मीच एकदा लवटे गुरुजींना म्हटलं होतं, "गुरुजी, कण्हेर लावू. शेरडू तिला तोंड लावत न्हाई."

लवटे गुरुजी आमचे मुख्याध्यापक. बारीक अंगाचे, कडक, आवाज खणखणीत. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "का तोंड लावत नाही, ते माहीत आहे ना?"

"ठावं हाय की. पर पोरं म्हंजी काय शेरडं हायत व्हय? सांगितलं तर ऐकत्याल."

"आणि नाही ऐकलं तर?"

"म्या हाय न्हवं हितं!"

पाटबंधारे खात्याच्या बंगल्यावरून मी फांद्या आणल्या. वीतभर तुकडे केले, खालची पानं काढली आणि बाटल्यांत पाणी घालून खिडकीत ओळीनं ठेवले. पंधरा-वीस दिवसांत पांढरी मुळं सुटली. मग दीड-दीड हातावर खड्डे घेतले. मुरूम असा की पहार उडायची. खड्ड्यात शेणखत आणि चुलीतली राख घातली. मुलांनी हात आणि ताटल्या धुतलेलं पाणी चर काढून तिकडं वळवलं. पहिल्या उन्हाळ्यात सात रोपं गेली, ती पुन्हा लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात माळ पार करपला होता तरी शाळेभोवती छातीएवढी हिरवी भिंत उभी होती आणि तिच्यावर गुलाबी फुलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिथं उभं राहून फोटो काढला. मला हाक मारून म्हणाले, "बाई, हे तुमचं काम?" त्या दिवशी मी घरी चालत गेले ते पाय जमिनीला न लागताच.

दर शनिवारी मी मुलांना कुंपणाजवळ उभं करून वदवून घ्यायची. फूल तोडायचं नाही. पान चावायचं नाही. हात लागला तर धुवायचा. मुलांना ते इतकं पाठ झालं होतं की पहिलीतली पोरं एकमेकांच्या अंगावर खेकसायची.

आणि त्या शनिवारी कण्हेर मीच छाटली होती. बहर सरला होता, शेंड्यांना पिवळ्या माव्याची कीड लागली होती. छाटली की ती खालून भरते. सगळ्या फांद्या ओढत नेऊन खड्ड्यात टाकायच्या, वर माती लोटायची, हे माझं नेहमीचं. पण त्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. मी फांद्या स्वयंपाकाच्या खोलीमागं सरपणाच्या शेजारी टाकल्या. म्हटलं, सोमवारी बघू.

आता सोमवार होता, आणि श्लोकाची एक ओळ राहिली होती.

खोटं कशाला सांगू? त्या एका ओळीत माझ्या मनात काय काय येऊन गेलं. नुसतं ढवळलं तर आहे. ढवळल्यानं काय होतंय? उगाच बोंब मारली तर कुंपण जाईल. बारा दिवसांपूर्वी कामाला लागलेली शालन जाईल. नवरा वारल्यावर दोन लेकरं घेऊन पलीकडच्या वाडीत माहेरी आलेली ती बाई, हातातोंडाशी आलेलं तिचं काम जाईल. मी जाईन. लोक म्हणतील, बाईनं हौसेपायी विष लावलं.

मुलांचा सूर संपत आला. मी काठी हातात घेऊनच धावले.

"खाऊ नका! कुणी घास घ्यायचा न्हाई! हात वर!"

बासष्ट मुलांनी एकदम हात वर केले. दुसरीतल्या एका पोराच्या बोटांत घास होता, तो त्याच्या डोक्यावरच सांडला. कुणीतरी हसलं. माझं तोंड बघून गप्प झालं.

"कुणी खाल्लं? आधी खाल्लं आसंल तर सांगा. मारणार न्हाई."

मी ओळीनं प्रत्येकाच्या पुढं वाकून विचारलं, तोंड उघडायला लावून बघितलं. श्लोकाआधी घास घेतला तर गुरुजी दिवसभर उभं करायचे. त्यांच्या त्या कडकपणाचे मी मनात पाय धरले. एकाही मुलानं तोंडाला लावलं नव्हतं.

शालन भांड्याशी खिचडी वाढायचं वगराळं घेऊन उभी होती. तिची धाकटी पोर पहिल्याच ओळीत होती.

"शालन, ही काठी कुठली?"

"मागल्या ढिगातली, आक्का. कालथ्याची दांडी निसटली, म्हनून घेतली. सरळ दिसली. साल काढून धुऊन घेतली की म्या."

"कण्हेर हाय ती."

तिच्या हातातलं वगराळं खाली पडलं. तिनं आधी आपल्या पोरीकडं बघितलं, मग सगळ्या ओळींकडं.

"तू चाखलीस?"

"न्हाई. गुरुजींनी वहीवर सही केली, म्हनून मग म्या..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नियमच होता तसा. मुलांना वाढायच्या आधी अर्धा तास शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत लिहून सही करायची. दुसरे शिक्षक त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते. शाळेत गुरुजी एकटेच होते.

ते दारात उभे होते. काखेत ती वही.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुमी खाल्लीया."

सगळी मुलं त्यांच्याकडं बघायला लागली. गुरुजींनी तोंड उघडलं, मिटलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला काही होत नाही," ते म्हणाले. "आधी ही खिचडी टाकून द्या."

"ती शालन टाकंल. तुमी दवाखान्यात चला."

"अहो, पण चांगुणाबाई, मुलांना सोडून..."

"चला म्हन्ते ना!"

मुख्याध्यापकावर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ. पण तेवढ्यात खालून दुधाचा टेम्पो रिकामा परत येताना दिसला. मी रस्त्यात आडवी झाले. टेम्पोवाल्या बिरूनं करकचून ब्रेक मारला. शालनला सांगितलं, खिचडी खड्ड्यात टाक, वर माती लोट, कुत्र्याच्यासुद्धा तोंडाला लागू देऊ नकोस. आणि ताटल्या चार पाण्यानं धू. ती नुसती मान हलवत होती. आणि गुरुजींना मी अक्षरशः दंडाला धरून टेम्पोत घातलं. काठी माझ्या मांडीवर, पिशवीत.

आरोग्य केंद्र आठ मैलांवर. रस्ता नुसता खड्ड्यांचा. पहिला मैलभर गुरुजी ताठ बसले होते. मग मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. वारा लागत होता, तरी घाम. थोड्या वेळानं त्यांचे हात थरथरायला लागले. ते त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

"मळमळतंय का गुरुजी?"

"नाही."

"डोळ्याम्होरं अंधारी?"

त्यांनी रिकामी काख चाचपली. मग म्हणाले, "चांगुणाबाई, ती वही कुठं आहे?"

"वहीचं काय घिऊन बसलाय?"

"वही..." ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. जीभ जड झाल्यासारखी झाली होती.

"बिरू, जरा रेट!" मी ओरडले.

"आणि किती रेटू आक्का, गाडी हाय, इमान न्हवं!"

मला गुरुजींची बायको आठवत होती. हळदीकुंकवाला एकदा शाळेत आली होती, साधी, बोलकी. तिला काय सांगू? दोन वर्षं मी त्या झुडपांना पाणी पाजलं, त्यांची पानं पुसली, ती याच्यासाठी? मी मनातल्या मनात एकेक झुडूप उपटत होते. उपटून संपत नव्हती.

आरोग्य केंद्रात नदाफ मॅडम होत्या. तरुण, पण घाबरणारी बाई नव्हे. मी काठी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. कण्हेर मी लावली, फांद्या मी टाकल्या, माझ्या जोडीदारिणीनं चुकून ढवळलं, गुरुजींनी तास-दीड तासापूर्वी चव घेतली.

"मुलांपैकी कुणी?"

"कुणी न्हाई."

"नक्की?"

"एकेकाच्या तोंडात बगितलंय म्या."

"ढवळल्यानं किती उतरतं ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण थांबवलंत ते बरं केलंत." त्यांनी नर्सला पोट धुवायची नळी आणायला सांगितलं आणि गुरुजींचं मनगट धरलं. घड्याळाकडं बघितलं. पुन्हा बघितलं. कपाळाला आठी पडली.

"काय झालं मॅडम?"

"कण्हेरीनं नाडी मंद होते. यांची पळतेय."

नर्स नळी घेऊन आली. चांगली हातभर लांब, रबरी. गुरुजी खाटेवर आडवे होते, शर्ट घामानं भिजलेला. ती नळी बघितली आणि ते ताडकन उठून बसले.

"नळी नको! मी खाल्लंच नाही!"

मला वाटलं, विष डोक्यात चढलं. मी त्यांचे खांदे धरले. "निजा गुरुजी. घालू द्या नळी."

"अहो, नाही खाल्लं मी! चव घेतलीच नाही!" त्यांचा आवाज फाटला. "नुसती सही केली!"

नर्स नळी धरून तशीच उभी.

नदाफ मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग शेवटचं काय खाल्लंत?"

"सकाळी सातला चहा. बिनसाखरेचा. आणि गोळी."

"कसली गोळी?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "साखरेची. तीन वर्षं आहे. डबा शाळेत राहिला. रोज या वेळेला जेवतो मी."

मॅडमनी त्यांच्या बोटाला टोचून रक्त तपासलं आणि लगेच नर्सला ग्लुकोजचं पाणी करायला लावलं. पेला त्यांना धरवेना, मीच तोंडाला लावला. मग दुसरा पेला. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला. हात स्थिर झाले. तोंडावर माणसाचा रंग आला.

"साखर पार खाली गेली होती," मॅडम म्हणाल्या. "गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं का? बाकी काही झालेलं नाही. तासभर पडून राहा, मग जा." जाता जाता त्यांनी ती काठी उचलून माझ्या हातात दिली. "आणि बाई, ही सरपणात टाकू नका हं. धूरही वाईट असतो."

मी बाहेर व्हरांड्यात आले, खांबाला टेकून बसले आणि मला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. बिरू धावत आला. त्याला वाटलं, गुरुजी गेले आणि मी रडतेय. "जिवंत हायत," मी कसंबसं म्हटलं, "त्यांनी खाल्लीच न्हाई!" आणि मग मला खरंच रडू आलं.

नंतर आत जाऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसले. गुरुजी छताकडं बघत होते.

"पहिली तीन वर्षं रोज घास घेत होतो," ते म्हणाले. "मग साखर निघाली. भात बंद. म्हटलं, एका घासानं काय होतंय. मग तो एक घासही सुटला. सही तेवढी राहिली."

"मग सांगायचं की तितंच. टेंपूत कशाला बसलात?"

"बासष्ट मुलांसमोर सांगू? त्यांना रोज सांगतो, खोटं बोलू नका." त्यांनी चष्मा काढून छातीवर ठेवला. "तुम्ही ओरडला नसता तर काय झालं असतं? मी सही केली होती. त्या सहीवर विसंबून त्या बाईनं वाढलं."

मी म्हटलं, "फांद्या म्या टाकल्या हुत्या गुरुजी. पाव्हणं यायचं हुतं म्हनून."

"वरच्या ऑफिसला कळवावं लागेल. बासष्ट मुलांचं जेवण टाकून दिलंय."

"लिवा की. म्या टाकल्या, आसं लिवा. शालनचं नाव नका घालू."

"माझंही लिहितो," ते म्हणाले. "चव घेतली नाही, सही केली. दोन्ही लिहितो."

त्यांनी लिहिलं. त्याच आठवड्यात. वरून एक खरमरीत पत्र आलं आणि तेवढ्यावर भागलं. कुंपण मीच काढलं. आठ दिवस लागले. गुरुजी शाळा सुटल्यावर पहार घेऊन यायचे, मी कोयता. मुळं खोल गेली होती, सहज सुटत नव्हती. प्रत्येक झुडपाला एकदा हात लावून मगच घाव घातला. सगळं खोल खड्ड्यात पुरलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण टेम्पोत बसून मी ती एकदा मनानं उपटली होतीच. त्या जागी शालनच्या माहेरच्या ओढ्याकाठून अडुळशाच्या फांद्या आल्या. अडुळशालाही शेळी तोंड लावत नाही, बारा महिने हिरवा राहतो आणि पानांचा काढा खोकल्याला चालतो. फुलं पांढरी, साधी. थांबून फोटो काढावा अशी नाहीत. मावा पडला तर हातानं पुसायला मला भीती वाटत नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारी आम्ही परतलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. वाटेत मला मुलांची चिंता लागली होती. सकाळपासून उपाशी पोरं. घरी पाठवायला कुणी मोठं माणूस नाही, एक शालन, तीही हादरलेली.

शाळेजवळ आलो तर व्हरांडा भरलेला दिसला. मुलं तशीच ओळीत बसली होती. प्रत्येकाच्या हातात भाकरी, भाकरीवर चटणी, कुणाच्या भाकरीवर गूळ. व्हरांड्याच्या कडेला पाटी आणि पाटीवर फडकं. शालननं ताटल्या धुतल्या होत्या, मोठ्या मुलींना पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि पाटी डोक्यावर घेऊन ती गावात घरोघर गेली होती. ज्यांच्याकडं होत्या त्यांनी भाकऱ्या दिल्या, ज्यांच्याकडं नव्हत्या त्यांनी तवा टाकला. बारा दिवसांत ज्या बाईला गावातली निम्मी घरं ठाऊक नव्हती, ती सगळ्या दारांत उभी राहून आली होती.

मी टेम्पोतून आधी उतरले. शालननं मला एकटीला बघितलं. हातातली पाटी ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं.

"आक्का... गुरुजी?"

मला बोलायला वेळच मिळाला नाही. ती खाली बसून मोठ्यानं रडायला लागली. "म्या मारलं गं आक्का गुरुजींना! म्या मारलं!" तिची पोर रडायला लागली. तिचं बघून पहिलीचा सगळा वर्ग रडायला लागला, भाकऱ्या हातात धरून.

तेवढ्यात टेम्पोचं दुसरं दार उघडलं. गुरुजी सावकाश खाली उतरले. शर्टाच्या सुरकुत्या हातानं सारख्या केल्या, चष्मा नीट बसवला आणि ओळींसमोर उभे राहिले. पोरं रडायची थांबली. शालननं मान वर केली.

"अजून भाकरी उरली आहे का?" गुरुजी म्हणाले. "मला भूक लागली आहे."